गादीवरचे अनवाणी पाय

माझ्या मामांवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी सव्वाचार वाजता, गांधीबाग बाजारातल्या एका ठोक कापडाच्या दुकानात. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. एवढ्या लवकर मामा त्या दुकानाची पायरी कधी उतरलेच नव्हते, म्हणून उतरताना त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं.

ठोक दुकानात टेबल-खुर्च्या नसतात. खोलीभर कापसाची गादी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीला लोड. गिऱ्हाईक चपला बाहेर काढतं आणि मांडी घालून बसतं. माझे मामा त्याच्यासमोर तागे उलगडत जातात, अनवाणी. माळ्यावरून तागा आणायचा, उलगडायचा, पसंत नाही पडला की घडी घालून परत माळ्यावर. माझ्या जन्माच्या आधीपासून ते हेच करतात. त्या दिवशी सकाळीच सणाची म्हणून चादर बदलली होती. चारच्या सुमारास बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने बोट दाखवलं. माळ्याच्या शिडीपासून थेट त्याच्या गुडघ्यापर्यंत चादरीवर लाल ठिपके होते, एका रांगेत, एकेका पावलाच्या अंतराने.

शेठजींनी चादर पाहिली, मग मामांचा पाय पाहिला आणि म्हणाले, "घर जाओ. पैर ठीक होने तक मत आना."

ना पट्टी दिली, ना रिक्षा बोलावली. मामा महाल भागातल्या घरापर्यंत चालत आले. त्याच पायाने.

मी त्यांच्याकडेच राहते. आई-बाबा रामटेककडे शेतावर, मी शिक्षणाला म्हणून इथे आले आणि राहिले. बाजारातल्या नोकरांच्या आणि हमालांच्या एका संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं हे माझं मुख्य काम. त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा मामी परातीत मामांचा पाय धूत बसली होती. तिने चिमट्याने टाचणी काढून ताटलीत ठेवली होती. कापडाला किमतीची चिठ्ठी लावायची साधी टाचणी. अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात डोक्यापर्यंत रुतलेली होती, मामी म्हणाली.

"कधी रुतली?" मी विचारलं.

"मले काय माहीत," मामा म्हणाले.

"दुखलं नाही?"

"दुखलं असतं तं काढली नसती का वं? मी काय येडा आहो?"

"सकाळी चपला घालताना तरी..."

"सांगून राहिलो नं, कळलंच नाही. जाऊ दे आता. निघाली नं."

मामी म्हणाली, "यायले आजकाल काहीच कळत नाही. परवा गरम बादलीत पाय टाकून बसले होते. म्या हात घातला तं चटका बसला."

आता मला लाज वाटते, पण खरं सांगते, हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात शेठजी होते. रक्त निघत असलेल्या माणसाला तुम्ही चादरीसाठी हाकलता? मी त्याच वेळी मनात पत्रकाचा मथळा जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला मी गादीसमोर जाऊन उभी राहिले. चपला काढल्या नाहीत, मुद्दाम. शेठजी ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला.

"बेटा, मैंने पूछा था," ते म्हणाले. "दोन वेळा विचारलं. दर्द हो रहा है क्या? तो म्हणाला, नाही. मग मी काय समजू? ज्याले दुखत नाही त्याले काय दवाखान्यात नेऊ?"

"तुम्हाला चादरीची पडली होती."

"चादर की भी पड़ी थी," ते शांतपणे म्हणाले. "झूठ क्यों बोलूँ. पण विचारलं मी."

मी भांडायला चार मुद्दे घेऊन गेले होते. चारही तसेच घेऊन परत आले. एक गोष्ट डोक्यात टोचत होती, ती शेठजींबद्दलची नव्हती. दुखतंय का, हा प्रश्न मी कुठेतरी वाचला होता. नुसता वाचला नव्हता, लिहिला होता.

उन्हाळ्यात आम्ही बाजारातल्या कामगारांसाठी आरोग्य शिबिर घेतलं होतं. पत्रक माझं. घरी गठ्ठा पडला होता, त्यातलं एक काढून वाचलं. मथळा: 'दुखणं अंगावर काढू नका.' खाली: 'कंबर दुखते? गुडघे दुखतात? पाय दुखतात? मालकाला घाबरू नका, रविवारी या.' दुखणं हा शब्द मी त्या एका पानात किती वेळा वापरला होता ते मोजलं आणि मोजणं मध्येच सोडलं. ही पत्रकं मामांच्या दुकानाच्या गल्लीत वाटली कोणी? मामांनी. एकेका दुकानात जाऊन, कौतुकाने, "आमच्या भाचीनं लिहिलं" म्हणत. आणि रविवारी ते स्वतः आले नाहीत.

"काहून नाही आले तुम्ही?" मी त्यांना विचारलं.

"कायले येऊ? तूच लिहिलं होतं नं, दुखत असंल तं या. मले कुठं दुखते?"

दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे शेठजींना वाटलं, मामांना वाटलं. ज्या मुलीने लोकांच्या तब्येतीवर पानं भरली, तिलाही वाटलं. टाचणी डोक्यापर्यंत आत जाते आणि माणसाला कळत नाही, हे आहे तरी काय, असा प्रश्न मला पहिल्यांदा तेव्हा पडला. राग होताच. पण रागाच्या मागून एक कुतूहल आलं आणि ते पुढे जाऊन बसलं.

पाय सुजायला लागला होता. गुरुवारी मी मामांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सर्जरीवाल्यांनी पाय पाहिला, एक्स-रे फोटो काढायला सांगितला आणि तोवर वरच्या मजल्यावर नसांच्या तपासणीला पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टर होत्या, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. पायाच्या नसांवरच त्यांचा प्रबंध चालला होता. शेजारी तीन विद्यार्थी वह्या घेऊन उभे.

"काका, पायाला काय वाटतं?"

"काही नाही."

"बधिर वाटतं? मोजे घातल्यासारखं? कापसावर चालल्यासारखं?"

मामा हसले. "मॅडम, मी कापसावरच चालतो. आमची गादी आहे नं दुकानात. इतक्या वर्षांत पायाले सवय झाली."

"म्हणजे रस्त्यावर चालतानाही कापूस वाटतो?"

"हो. पण ते गादीमुळंच असंल. दिवसभर गादी, मंग ते पायात राहते."

एकही विद्यार्थी हसला नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "केव्हापासून?"

"झाले दोनतीन वर्षं."

दोनतीन वर्षं माझ्या मामांच्या पायातली जाण जात होती आणि ते तिचं श्रेय गादीला देत होते. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला हे शक्यच नव्हतं. गवंड्याला पायाखाली कापूस लागला असता तर तो दचकला असता.

मग डॉक्टरांनी प्लास्टिकच्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक जाड धागा काढला. माशाच्या गळाला असतो तसा. तो तळव्याला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, बस. "डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

मामांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हो." मग पुन्हा, ठरावीक अंतराने, गिऱ्हाईकाला होकार द्यावा तसं, "हो."

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "मी अजून हात लावलाच नाही."

मामांनी एक डोळा उघडला. "तुम्हाले वाईट वाटू नये म्हणून म्हटलं."

आता मात्र सगळे हसले, मामाही. परत सुरू केलं तेव्हा ते गप्प राहिले. धागा अंगठ्याला लागला, गप्प. करंगळीला लागला, गप्प. टाचेला, गप्प. मी बघत होते. धागा वाकत होता, सरळ होत होता, आणि मामांचा चेहरा कोणीतरी येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखा होता. घोट्याच्या वर गेल्यावर एकदम म्हणाले, "आता लागलं. हे खरं."

डॉक्टरांनी पेनने तिथे रेघ ओढली. दोन्ही पायांवर, जवळजवळ एकाच उंचीवर.

मी विचारलं, "पायच का? आणि दोन्ही सारखेच का?" मला विचारायचं होतं ते मी एवढ्या मोठ्याने विचारलं की बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

"तुमचं गाव कोणतं?" डॉक्टरांनी उलट विचारलं. मामा म्हणाले, रामटेकजवळ, धानाचं. "मग कालव्याचं पाणी आधी कोणाचं तुटतं?"

"टेलवाल्याचं," मामा लगेच म्हणाले. शेवटच्या टोकाला ज्याचं शेत, त्याचं.

"तसंच आहे. ही रक्ताची नस नाही, जाणीव वाहून नेणारी नस. कंबरेपासून निघते ती पायाच्या बोटापर्यंत. अंगातली सगळ्यात लांब. शुगरने नसा खराब व्हायला लागल्या की लांबीच्या टोकापासून सुरुवात होते. दोन्ही पाय सारखेच लांब."

शुगर मामांना होतीच. 'थोडीशी', असं ते म्हणायचे, आणि गोळी आठवली तर घ्यायचे. डॉक्टर तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूची नस त्यांनी बोटांनी चाचपली, पाठीवर चट्टे पाहिले. मामांनी हात मागे घेतला. त्या का चाचपून राहिल्या ते त्यांना कळलं होतं. आमच्या भागात ते सगळ्यांना कळतं.

"कुष्ठरोग नाही काका," डॉक्टर म्हणाल्या. "असता तरी औषध आहे आणि माणूस बरा होतो. लपवला तर हात-पाय जातात. मी प्रत्येकाचं बघते." मग रक्तात बी बारा जीवनसत्त्व बघायला सांगितलं, कारण ते कमी असलं तरी नसा अशाच रुसतात. एका तपासणीत किती दारं ठोठावून बघावी लागतात, हे मला नवीन होतं. मी आयुष्यभर एकाच दारावर ठोसे मारत आले आहे.

विद्यार्थ्यांना त्यांनी बूट-मोजे काढायला लावले आणि एकमेकांवर धागा टेकवायला सांगितलं. एक जण कुरकुरला. "पेशंटचे मोजे काढायची लाज वाटते तुम्हाला," त्या म्हणाल्या, "म्हणून पाय न बघता गोळ्या लिहिता. आधी स्वतःचे काढा." मीही काढले. धागा लागला तेव्हा इतकं बारीक, इतकं स्पष्ट कळलं. हे माझ्याकडे रोज असतं आणि मला माहीत नव्हतं.

फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरला आणि मामांना जवळ बोलावलं. मामीने टाचणी काढली होती त्या जागी काही नव्हतं. पण अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी एक पांढरी रेघ होती, अर्ध्या टाचणीएवढी.

"ही कोणाची?" मामांनी विचारलं.

"तुमचीच. जुनी आहे. मोडून आत राहिली."

मामांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हंजे हिच्यावर चाललो मी. दिवाळी गेली असंल, उन्हाळा गेला असंल."

हाड सडलं होतं. पाय राहील, बोट राहणार नाही, असं सर्जरीवाल्यांनी सांगितलं. आठ दिवसांनी ते बोट काढलं. जखम भरायला हिवाळा लागला. रोज पट्टी, शुगर मोजणं, वेळेवर गोळ्या, पायावर भार द्यायचा नाही. गेलेली जाण परत येईल का, असं मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत. त्यांनी तिन्ही वेळा एकच सांगितलं. बहुतेक नाही, पण उरलेली वाचवता येते. आणि एक अट घातली. यापुढे अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरात नाही, देवळात नाही, कुठेच नाही.

"अन् गादीवर?" मामांनी विचारलं.

तिथेच सगळं अडलं. मामांना काम परत हवं होतं, आणि काम म्हणजे गादी. शेठजी गोदामात ठेवायला तयार होते, चप्पल घालून, कापडाच्या गाठी मोजायला. मामांना ते पसंत नव्हतं. गादीवर गिऱ्हाईक त्यांना नावाने हाक मारतं. कोणत्या लग्नाला कोणतं कापड जाईल ते मामा माणसाकडे बघून सांगतात. गोदामात कोण हाक मारणार?

मी म्हटलं, "चप्पल घालून गादीवर जा. हक्क आहे तुमचा."

"गादीवर लक्ष्मी बसते वं," मामा म्हणाले. "चप्पल घालून मी नाही जाणार. शेठजी हो म्हणतील तरी नाही."

"मग दुसरं बोट द्या."

"तुले सगळं भांडणच वाटते."

ते बरोबर होते. मला सगळं भांडणच वाटत होतं. मालकाच्या विरुद्ध लढायचं मला येतं. मामांच्या विरुद्ध, मामांसाठी कसं लढायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

वाट काढली मामीने. दवाखान्याच्या कार्यशाळेत एक कारागीर अशा पायांसाठी मऊ रबराच्या चपला बनवतो, मागे पट्टा असलेल्या, खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. मामी तिथे दोन जोड मागून आली. एक रस्त्याचा. दुसरा जोड रस्ता कधी पाहणारच नाही असा. तो एका स्वच्छ पिशवीत घालून ती माझ्यासोबत थेट दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"शेठजी," ती म्हणाली, "गाभाऱ्यात पुजाऱ्याच्या खडावा चालतात. त्या बाहेर नाही जात म्हणून चालतात. ह्या बी बाहेर नाही जाणार. इथंच राहतील, तुमच्या लोडामागं. देवापेक्षा तुमची गादी मोठी आहे का?"

शेठजी हसायला लागले. त्यांनी चप्पल हातात घेऊन उलटी केली, तळ बघितला, बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "तू इतना चिल्लाई, यह एक बात नहीं बोली."

मामांनी त्या चपला घातल्या तेव्हा आधी गादीच्या कडेला वाकून हात लावला, कपाळाला लावला, मग पाऊल टाकलं. पहिला तागा उलगडेपर्यंत मान वर केली नाही.

"इनके लिए ठीक है," शेठजी मला दारात म्हणाले. "बाकी लोगों को मत बताना. उद्या सगळी गल्ली चपला मागेल."

म्हणून मी सगळ्यांना सांगते आहे. संक्रांतीनंतर डॉक्टर आणि मी त्या गल्लीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दुकानोदुकानी फिरलो. त्यांच्या प्रबंधासाठी पाय तपासायचे होते, आणि प्रश्नांचा कागद मी नव्याने लिहून दिला होता. त्यात दुखणं हा शब्द नव्हता. किती जणांना धागा लागलेला कळला नाही ते आकडे त्यांचे आहेत, त्याच सांगतील. मी एवढंच सांगते की ज्यांना कळलं नाही त्यातल्या एकानेही तोवर तक्रार केली नव्हती. एकाच्या टाचेत काच होती. त्याच्या दुकानात चप्पल अजून चालत नाही. मी तिथे दोनदा जाऊन आले. मालक म्हणतो, त्याला काही त्रास नाही, तुम्हालाच का?

एकटीने जाऊन हे होत नाही. म्हणून आता तुम्ही. घरात शुगर असलेलं कोणी असेल तर आज त्यांना खाटेवर निजवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, एकेकाच्या टोकाला तुमच्या बोटाचं टोक दोन क्षण टेकवा. दाबू नका, गुदगुल्या करू नका, क्रम बदलत राहा, मध्येच काही न करता थांबा. सहापैकी दोन चुकली तर उद्या दवाखान्यात न्या, आणि डॉक्टर मोजे काढायला सांगत नसतील तर तुम्हीच काढा. मग लग्नाचं कापड घ्यायला कुठल्याही गावातल्या कुठल्याही गादीवर बसाल तेव्हा तागे उलगडणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघा. ते अनवाणी असतील तर मालकाला सांगा की याला आतल्या वापराची चप्पल द्या, तोवर माझा तागा कापू नका. आणि उठून बाहेर या.